गयाबाईंच्या खोट्या तारखा

गयाबाईंनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "पोरी, तू बाजूला कवा बसलीस?" दवाखान्यातला तो माझा पहिलाच दिवस. मी नळाखाली हात धूत होते आणि त्या शेजारी फरशीवर फिनेल टाकत होत्या. माझं नाव त्यांना ठाऊक नव्हतं, गाव ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं काय, तर माझी पाळी कधी येऊन गेली. मला इतकी किळस आली की उत्तर न देता मी पदराला हात पुसून निघून गेले. दुपारी त्या पुन्हा आल्या आणि तितक्याच शांतपणे तोच प्रश्न विचारला. बरोबरीच्या शोभाने मला कोपराने ढोसलं आणि म्हणाली, सांगून टाक, मॅडमला लागतं.

हे हिंगोलीतलं एक खासगी प्रसूतिगृह. साल अठ्ठ्याण्णव असेल, कारण हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. मी कुरुंद्याची, लग्न करून हिंगोलीत आलेली. नवरा काळ्या-पिवळ्या जीपवर ड्रायव्हर. नर्सिंगचा कोर्स वगैरे मी काही केलेला नव्हता. बारावीपर्यंत शिकलेल्या, रक्त बघून चक्कर न येणाऱ्या मुली डॉक्टर हाताखाली घेत आणि इंजेक्शनापासून नाळ कापण्यापर्यंत सगळं शिकवीत. अशा आम्ही पाच जणी होतो आणि पाचही जणी सिस्टर. डॉक्टरांच्या हाताला गुण होता, हे मला आजही म्हणावं लागतं. दवाखाना मात्र त्यांच्या बायकोच्या हुकमावर चालायचा. त्या मॅडम.

जिन्याच्या वळणावर एक लहानसं देवघर होतं. सकाळी ड्यूटीवरच्या सिस्टरने तिथे दिवा लावायचा, फुलं वाहायची. जिची पाळी असेल तिने चार दिवस तिकडे फिरकायचं नाही. त्याच मुलीने खाली लेबर रूममध्ये कोपरापर्यंत रक्तात हात घातलेले चालत, दिव्याला बोट लावलेलं चालत नसे. एवढ्यावर भागलं असतं तर मी सोडून दिलं असतं, असले नियम आमच्या घरीही होतेच. पण मॅडमनी त्या देवघराचा भलताच उपयोग करून घेतला होता. काउंटरमागे एक कॅलेंडर टांगलेलं असे आणि त्यावर दुधाच्या लिटरांशेजारी आमच्या नावांची पहिली अक्षरं लाल पेन्सिलीने लिहिलेली असत. कोण कुठल्या तारखेला 'बाहेरची' झाली, त्याची ती नोंद. एखादीचं अक्षर महिना उलटून आठ-दहा दिवस दिसलं नाही, की मॅडम तिला आत बोलावीत. दिवस गेलेत असं कळलं की ती मुलगी पुढच्या पहिल्या तारखेपासून घरी. सुट्टी नाही, परत घेण्याचा शब्द नाही. दुसऱ्यांच्या बाळंतपणांवर ज्यांची माडी उभी राहिली, त्यांच्या घरात नोकर बाईने बाळंत व्हायचं नाही. हे लिहितानासुद्धा माझं तोंड कडू होतं.

मुली खोटं बोलतील ही शंका मॅडमना होती, म्हणून गयाबाई. संडास, बाथरूम, कचऱ्याची बादली हे सगळं त्यांच्याकडे. बादलीत काय पडलं, कोणाचं पडलं, यावर त्यांनी नजर ठेवायची आणि काउंटरवर येऊन सांगायचं, अशी व्यवस्था होती. मॅडमचा आणखी कोणावर नसेल एवढा विश्वास त्यांच्यावर. आमच्या बादल्या धुंडाळून चुगल्या करणारी बाई, हे माझं त्यांच्याबद्दलचं पहिलं मत. तीन महिने मी त्यांच्या हातचा चहा घेतला नाही. त्यांनी कप समोर ठेवला की मी तो शोभाकडे सरकवत असे आणि त्यांना ते दिसावं असा प्रयत्नही करत असे.

गयाबाई पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. नवरा आठ महिने कळप घेऊन रानोमाळ असायचा. गुडघे धरल्यामुळे त्यांना मेंढरांमागे चालणं होईना, म्हणून त्या हिंगोलीत बहिणीकडे राहून दवाखान्यात लागल्या. काष्ट्याचं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू आणि चेहरा असा की या बाईला खोटं बोलता येत असेल हे कोणाच्या मनात येऊ नये. बोलणं कमी, आणि जे बोलायच्या ते कायम मेंढरांवरून सुरू व्हायचं. "मेंढी गाभण हाय का न्हाई ते पोटाकडं बघून नसतं कळत," त्या म्हणायच्या. "ती पाण्यावर कशी येते ते बघायचं." आणि दुपारच्या चहाला आम्ही पाच जणी जमलो की त्या खांबाला टेकून आमच्याकडे बघत बसायच्या. कोणती मुलगी कप नाकापासून लांब धरते ते बघून, तिला दिवस गेल्याचं त्यांना तिच्या आधी कळे.

त्यांच्याबद्दलचं माझं मत फिरलं ते शोभाच्या वेळी. एका सकाळी शोभा मागच्या मोरीवर ओकताना मला दिसली. दोन महिने झाले होते आणि ती भेदरून गेली होती. त्याच दुपारी मी फाइल घेऊन काउंटरजवळ उभी असताना गयाबाई आल्या आणि मॅडमना म्हणाल्या, "शोभी कालपासून बाहेरची हाय." मॅडमनी लाल पेन्सिल उचलली आणि 'शो' लिहिलं. गयाबाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मी मागच्या दाराशी त्यांना गाठलं आणि म्हटलं, मावशी, तुम्ही खोटं बोललात. त्यांनी बादली खाली ठेवली.

"व्हय. काहून, तुला काही तकलीफ हाय का?"

मग हळूहळू मला सगळं समजलं. पाचही जणींच्या खऱ्या तारखा गयाबाईंच्या डोक्यात पक्क्या होत्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण चूक होत नसे. एखादीची पाळी चुकली की त्या ठरल्या तारखेला जाऊन ती आली म्हणून सांगायच्या. मुलीने फक्त चार दिवस देवघराकडे जायचं नाही, एवढंच काम. मला पहिल्या दिवशी तो प्रश्न विचारला तोही याचसाठी. "खोटं बोलायचं तर बराबर तारखेलाच बोलावं लागतं," त्या मला समजावून म्हणाल्या. "दोन दिवस हिकडं-तिकडं झालं का शक येतो." त्या दिवशी मी त्यांच्या हातचा चहा घेतला. त्यात साखर फार होती आणि तसं मी त्यांना सांगितलंही.

पण पोट कधीतरी दिसणारच. मालकाला सांगायचं ते कधी, याबद्दल गयाबाईंचा एक ठाम हिशेब होता. बहात्तरच्या दुष्काळात त्या खडी फोडायच्या कामावर होत्या. पहिल्या खेपेला त्यांनी भाबडेपणाने मुकादमाला तिसऱ्या महिन्यात सांगितलं, त्याला वाटलं तर हलकं काम देईल म्हणून. त्याने दुसऱ्या दिवशी हजेरीवरून नावच काढलं. त्या उपाशीपोटी ते लेकरू काही टिकलं नाही. त्यानंतर त्यांनी जे ठरवलं ते त्या आम्हाला जवळजवळ पाठ करून घेत. "पाचवा लागल्याबिगर मालकाला सांगायचं न्हाई. आन पाचव्यात बी आधी त्याला न्हाई सांगायचं. आधी लोकायला कळू द्यायचं."

शोभाच्या बाबतीत तसंच झालं. पाचव्यात तिने पदर जरा सैल सोडला आणि भर ओपीडीत एका पेशंटच्या सासूने विचारलंच, काय सिस्टर, कितवा? बाकावरच्या दहा-बारा बायका तिच्याकडे बघू लागल्या. तुझं बरं हाय बाई, डॉक्टर घरचाच हाय, असंही कोणीतरी म्हणालं. डॉक्टरांना हसून मान डोलवावी लागली. एवढ्या बायकांनी बघितल्यावर तिला काढायची सोय उरली नाही. शोभाने आठव्यापर्यंत काम केलं आणि नंतर परतही आली. मॅडमनी गयाबाईंना कॅलेंडर दाखवून जाब विचारला, तेव्हा त्या गरीब तोंडाने म्हणाल्या, पोटात लेकरू असून बी एखादीला जातं थोडं थोडं, डॉक्टरसायबाला इचारा. डॉक्टरांनी तसं होऊ शकतं म्हणून सांगितलं. मॅडमनी कॅलेंडर परत टांगलं, पण त्या दिवसापासून शोभाच्या अक्षराकडे त्या जास्त वेळ बघायला लागल्या.

माझ्यावर वेळ आली तेव्हा मी आधीच एकदा पोळलेली होते. दवाखान्याला लिफ्ट नव्हती आणि ऑपरेशन थिएटर माडीवर. जिना अरुंद. पेशंटला कॅनव्हासच्या स्ट्रेचरवर घालून आम्हीच वर न्यायचो, दोन पुढे, दोन मागे. लग्नानंतरचं माझं पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं ते असंच एक जड बाळंतपण वर चढवल्यावर. मी कोणाला बोलले नाही. तीन दिवस आजारी असल्याचा निरोप पाठवला आणि चौथ्या दिवशी कामावर आले. काउंटरवर बघते तर मॅडमनी माझं अक्षर लिहून ठेवलेलं होतं. गयाबाईंनी त्यांच्या सवयीने मी बाहेरची आहे म्हणून सांगितलं होतं. माझं गेलेलं लेकरू त्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने, दीड लिटर दुधाच्या शेजारी.

दोन हजार एक साली मला पुन्हा दिवस गेले, तेव्हा नवऱ्याची जीप औंढ्याच्या रस्त्यावर उलटली होती आणि त्याचा पाय प्लास्टरात होता. घर माझ्या पगारावर. सांगितलं तर नोकरी जाणार, आणि नाही सांगितलं तर स्ट्रेचर उचलावं लागणार. मी रात्रंदिवस याच दोन गोष्टींमध्ये अडकून पडले होते. गयाबाईंना मी काही सांगितलं नव्हतं. त्यांनीच एक दिवस माझ्या हातातला स्ट्रेचरचा दांडा काढून घेतला आणि म्हणाल्या, "तू सलाईन धर. सलाईन धराया बी माणूस लागतं." तिथून पुढे माझ्या जागी त्या. सुजलेले गुडघे घेऊन ती बाई तो जिना चढायची, वर पोचल्यावर भिंतीला हात लावून उभी राहायची आणि मी विचारलं की म्हणायची, मेंढरू खांद्यावर घेऊन डोंगर चढले म्या, हे काय. तीन महिने त्यांनी माझ्या तीन तारखा सांगितल्या आणि मी तीन वेळा चार-चार दिवस दिवा लावला नाही.

पाचवा लागायला अकरा दिवस उरले होते. गयाबाईंचा नवरा मेंढरं घेऊन गावात आला होता आणि लोकर कातरायची होती, म्हणून त्या दोन दिवस साखऱ्याला गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी झटके येत असलेली एक बाई आली, अंगाने भरलेली, आणि तिला ताबडतोब वर न्यायचं होतं. मॅडम जिन्याखाली उभ्या होत्या. सलाईन दुसरीने धरली होती. मी दांडा धरला. ती बाई वाचली, तिचं बाळही वाचलं. मी खाली आले आणि बाथरूममध्ये गेले तर मला रक्त दिसलं.

मी तिथे किती वेळ बसले होते ते मला नीट सांगता येत नाही. भिंतीच्या पलीकडे अख्ख्या तालुक्यातल्या बायका ज्याच्याकडे येत तो डॉक्टर बसला होता. त्याचा आवाजही मला ऐकू येत होता, एका पोरीला तो लोहाच्या गोळ्या घे म्हणून सांगत होता. मला फक्त उठून वीस पावलं चालायचं होतं. आणि मी अकरा दिवस मोजत होते. जगात अशी एकच जागा असेल जिथे पोटातलं लेकरू वाचवायची सगळी औषधं कपाटात भरलेली आहेत आणि बाई ते कपाट उघडायला भिते. दुपारच्या जीपने गयाबाई परत आल्या. बहुतेक कोणीतरी त्यांना मी दिसत नाही म्हणून सांगितलं असावं. त्यांनी दार ढकललं, खाली फरशीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आता सांग."

मी म्हटलं, अजून अकरा दिवस आहेत.

"तारीख गेली खड्ड्यात. तू सांगतेस का म्या सांगू?"

मी उठले नाही. मग त्या गेल्या. भरलेल्या ओपीडीत, दार वाजवल्याशिवाय आत शिरून त्या जे बोलल्या ते मला आतपर्यंत ऐकू आलं. "सायेब, तुमच्या सिस्टरला चवथा हाय आन रगत चाललंय. आधी तिला बघा."

डॉक्टरांनी बघितलं. उशीर झाला नव्हता. मला खाटेवर घेतलं, इंजेक्शन दिलं, पायाकडे विटा लावून खाट उंच केली. मशीनवर बाळाचे ठोके दिसले तेव्हा गयाबाई पडद्याशी उभ्या होत्या. त्यांनी मशीनकडे बघितलं नाही, नुसतं माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं असावं. पंधरा दिवस उठायचं नाही, असं डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले.

संध्याकाळी मॅडम आल्या. येताना त्यांनी कॅलेंडर खिळ्यावरून काढून हातात आणलं होतं. ही गोष्ट मी विसरू शकत नाही. माझ्या हाताला सलाईन, खाटेचे पाय विटांवर, आणि ही बाई कॅलेंडरची पानं उलटून माझ्या नावाच्या तीन अक्षरांवर एकामागून एक बोट ठेवते आहे. डॉक्टर कोपऱ्यात हात धूत होते आणि ते हात काही केल्या धुऊन संपत नव्हते. मॅडमनी विचारलं, हे तू सांगायला लावलंस का? आणि नसेल, तर मग त्या दिवसांत तू दिवा का लावला नाहीस?

मी म्हटलं, मला काही माहीत नाही. मावशी म्हणाल्या की तुम्हीच मला दिवा लावू नको म्हणून सांगितलंय. म्हणून मी लावला नाही.

इतकं सफाईदार खोटं मी आयुष्यात त्याआधी बोलले नव्हते आणि ते मी एका दमात बोलले. गयाबाई पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "व्हय," त्या मॅडमना म्हणाल्या, "म्याच म्हटलं तिला तसं." मॅडम त्यांच्यावर तुटून पडल्या. वयाने थोरल्या बाईला अगं-तुगं करत, देवाच्या नावावर खोटं बोलायची तुला लाज वाटली नाही का, तुझ्या हाताने देवघर बाटलं, असं बरंच काही. गयाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"देवाला ठाऊकच व्हतं की, बाई," त्या म्हणाल्या. "तो काई बोलला न्हाई."

उद्यापासून येऊ नको, असं मॅडमनी त्यांना सांगितलं. माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, तुझी काही चूक दिसत नाही, तुला ठेवते. आणि मी काय करावं? डॉक्टरांनी हलायलाही मनाई केली असताना मी सलाईनचा हात सांभाळत खाटेवरून खाली उतरले, वाकले आणि मॅडमच्या पायांवर डोकं ठेवलं. गयाबाई तेव्हा दारात होत्या, आपल्या पिशवीची गाठ मारत.

मुलगी झाली, त्याच दवाखान्यात. दोन महिन्यांनी मी कामावर परत गेले. गयाबाईंच्या जागी नवी बाई आली होती आणि ती खऱ्या तारखा सांगायची. वर्षभरात दोन पोरी घरी गेल्या. मी दिवा लावत राहिले. आणखी तीन वर्षं मी तिथे काढली, मग दुसरीकडे नोकरी मिळाली तेव्हा सोडलं. गयाबाई साखऱ्याला परतल्या होत्या, पण एवढ्या काळात मी तिथे एकदाही गेले नाही. जायला दीड-दोन तास लागतात. कारणं मी अनेक काढली, पण खरं कारण मला माहीत होतं आणि त्या काळात मला माझाच वास येत असे.

गयाबाई दोन हजार सात साली वारल्या. त्याच्या दोन महिने आधी, शोभाकडून त्या अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तेव्हा मी मुलीला घेऊन गेले. त्या अंगणात बाजेवर पडून होत्या. गुडघे दुधीभोपळ्याएवढे झाले होते. मला ओळखलं. मुलीला जवळ घेऊन तिच्या तोंडात बघितलं, किती दात पडले ते मोजलं आणि सुनेला सांगून तिला कोकरं बघायला पाठवलं. मी वाटभर जे घोकत गेले होते ते बोलून टाकलं. म्हटलं, मावशी, त्या दिवशी मी खोटं बोलले, तुमच्यावर ढकललं.

"बोललीस ते बराबर बोललीस," त्या म्हणाल्या. "तुझ्या जागी म्या बी तेच बोलले असते. दोघी गेलो असतो तं काय फायदा व्हता?"

मला रडू आलं. सहा वर्षांचं ओझं एका वाक्यात उतरलं असं वाटलं. मी डोळे पुसले, त्यांच्या पायांना तेल लावून दिलं, इकडचं-तिकडचं बोलले. निघायची वेळ झाली तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"पर पोरी, तू तिच्या पाया काहून पडलीस? तिनं तं तुला ठिवून घेतलंच व्हतं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच कळलेलं नव्हतं आणि कळून घ्यायचं होतं. मी म्हटलं, घाबरले होते. त्यांनी मान हलवली, पण माझा हात सोडला नाही, अजून काहीतरी येईल अशी वाट बघत राहिल्या. मी घाबरलेली नव्हते. वाकले त्या क्षणी मला मॅडमचे मनापासून उपकार वाटले होते. हे काही मी गयाबाईंना सांगितलं नाही.